ते पुस्तक कोणाचं होतं?

गेल्या गणपतीत आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका चुलतभावानं खापरपणजीचा फोटो टाकला. नऊवारी, नाकात नथ, कमरेला किल्ल्या, खुर्चीत ताठ बसलेली. शेजारी एक गोल टेबल, त्यावर फुलदाणी आणि एक जाडजूड पुस्तक. तिच्या उजव्या हाताची बोटं त्या पुस्तकावर. मागे पडद्यावर रंगवलेला जिना. फोटोच्या पाठीवर तारीख नाही, पण घरातल्या जन्मांचा हिशेब लावला तर १९१०च्या आसपासचा असावा. खाली भावानं लिहिलं होतं: ‘त्या काळात पुस्तकावर हात ठेवून फोटो काढणारी आपली खापरपणजी! आपल्या घरात बायकांच्या शिक्षणाला कधीच आडकाठी नव्हती.’ पंधरा मिनिटांत चाळीसेक अंगठे आले.

अंगठ्यांवरून आठवलं. वडिलांच्या कपाटात एका खरेदीखताची प्रत आहे. त्यात याच बाईचं नाव आहे आणि नावापुढे लिहिलंय, ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’. मी त्या पानाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. त्याला एकही अंगठा आला नाही. एका काकांनी मात्र वेगळा फोन करून समजावलं की प्रत्येक गोष्टीत खुसपट काढू नये.

तर हे ते खुसपट, जरा सविस्तर.

आमच्या ग्रुपचा दोष छोटा आहे. त्यांनी जे केलं तेच हल्ली जुन्या फोटोंवर लिहिणारी बरीच शहाणी माणसं करतात, फक्त त्यांची भाषा जड असते. फोटोतल्या वस्तूंचा एक कोश तयार झालाय. पुस्तक म्हणजे विद्या. बंद पुस्तक म्हणजे अपुरी राहिलेली विद्या. खांब म्हणजे घराण्याची प्रतिष्ठा. अर्धा ओढलेला पडदा म्हणजे खासगी आणि सार्वजनिक यांच्यामधली सीमारेषा. पायाशी कुत्रा म्हणजे निष्ठा, घड्याळाची साखळी म्हणजे वेळेचं आधुनिक भान, मान टाकलेलं फूल म्हणजे मरण. वाचायला मजा येते, शब्दकोडं सुटल्यासारखं वाटतं. अडचण एवढीच, की यातलं काहीही खोटं ठरू शकत नाही. फोटोत पुस्तक असेल तरी अर्थ निघतो आणि नसेल तर ‘पुस्तकाची अनुपस्थिती बोलकी आहे’ असाही निघतो.

हा कोश आला चित्रकलेतून. तैलचित्रात ते ठीकच आहे. तिथे चित्रकारानं रंगवल्याशिवाय माशीसुद्धा बसत नाही. प्रत्येक वस्तूमागे कोणाचा तरी हात आणि काही तास असतात. शिवाय ज्याचं चित्र तो बहुधा पैसेवाला, आणि चित्रात काय हवं यावर त्याचा शब्द चालायचा. फोटोत उलट असतं. भिंगासमोर जे असेल ते सगळं काचेवर उतरतं, कोणाच्या मनात असो वा नसो. फोटोवाल्यांनी चित्रकारांचे खांब आणि पडदे उचलले हे खरं, पण ते उचलताना त्यांचं काम बदललं.

काम काय बदललं ते यंत्राकडे पाहिलं की कळतं. दागेरची पद्धत १८३९ साली पॅरिसमध्ये जाहीर झाली तेव्हा एका छायाचित्राला कित्येक मिनिटं लागायची. सुधारलेली भिंगं आणि रसायनं आल्यावर १८४०च्या दशकाच्या मध्यापर्यंत हा वेळ मिनिटाच्या आत आला. तरी अर्धा मिनिट न हलता बसणं सोपं नाही. मोबाइलवर टायमर लावून, डोळे कुठेतरी रोवून बसून पाहा. मान डुलते, हात थरथरतो. म्हणून टेबल: कोपर टेकायला. म्हणून खांब: उभ्या माणसानं रेलायला. म्हणून हातात काहीतरी: बोटं चाळवू नयेत यासाठी. पुस्तक त्या कामाला फार छान. जड असतं, सपाट असतं, हलत नाही. आणि डोक्यामागे लोखंडी स्टँड, त्याला वर चिमटा, तो मागून मान धरून ठेवतो. कित्येक फोटोंत उभ्या माणसाच्या टाचांमागे या स्टँडचा जड पाया डोकावताना दिसतो.

या बिचाऱ्या पायावर इंटरनेटनं काय रचलं ते पाहण्यासारखं आहे. ‘टाचांमागे स्टँड दिसतोय, म्हणजे हा माणूस मेलेला आहे, प्रेताला उभं करून फोटो काढलाय’ असे फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरताहेत. मेलेल्यांचे फोटो त्या काळी काढत, हे खरं. पण ते निजलेले किंवा कोणाच्या मांडीवर घेतलेले. तो स्टँड प्रेताचं वजन पेलूच शकत नाही. तो जिवंत माणसासाठी आहे, कारण हलायचा धोका फक्त जिवंत माणसाकडून असतो. जी वस्तू ‘हा माणूस जिवंत आहे’ असं सांगत होती तिचाच आपण मृत्यूचा पुरावा केला. चिन्ह शोधायची घाई झाली की असं होतं.

दुसरं उदाहरण याहून कडवट. जुन्या काळच्या तान्ह्या बाळांच्या फोटोंत बाळ कधीकधी एका ओबडधोबड, कापड टाकलेल्या खुर्चीवर बसलेलं दिसतं. नीट पाहिलं की कापडाखाली डोकं आणि खांदे असल्याचं लक्षात येतं. एखाद्या ठिकाणी कापडातून हात बाहेर आलेला असतो. ती आई आहे, किंवा दाई. बाळ हलू नये म्हणून तिनं त्याला धरलंय, आणि फोटो बाळाचा हवा म्हणून तिच्यावर चादर टाकलीय. आता कोश उघडा आणि ‘झाकलेलं आसन’ कशाचं प्रतीक असतं ते शोधा. त्या फोटोत फर्निचर म्हणून जी वस्तू आहे ती एक बाई आहे, हे कोशात सापडणार नाही. त्यासाठी चादरीखाली काय आहे आणि ते तिथे का आहे, हा बावळट वाटणारा प्रश्नच विचारावा लागतो.

१८५४ साली दिस्देरी नावाच्या फ्रेंच फोटोवाल्यानं एकाच काचेवर अनेक छोट्या प्रतिमा घेण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. अडीच बाय चार इंचांच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेले हे फोटो, कार्त-द-व्हिजित, पुढच्या काही वर्षांत जगभर पसरले. फोटो स्वस्त झाला आणि स्टुडिओ कारखाना झाला. सकाळी वकील, दुपारी नवरा-बायको, संध्याकाळी पेन्शनर, सगळे त्याच खांबाला रेलून गेले. वॉल्टर बेंजामिननं १९३१ साली फोटोग्राफीवरच्या निबंधात या सामानाची यथेच्छ थट्टा केली आहे. दगडी खांब गालिच्यावर उभे राहत नसतात, ही खोच फोटोग्राफीच्या व्यवसायातल्याच लोकांनी त्याच्या फार आधी काढली होती. म्हणजे तो खांब खोटा आहे हे तेव्हाच्या माणसांना दिसत होतं. आपल्यालाच तो प्रतिष्ठेचा वाटतो.

मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे डेटा पाहताना पहिला धडा असतो तो ‘डिफॉल्ट’चा. फॉर्ममध्ये आधीच भरून ठेवलेली किंमत लोक बदलत नाहीत, मग तीच किंमत हजारो नोंदींत दिसते, आणि नवशिका तिच्यावर सिद्धांत रचतो. मराठी माणसाला हे सांगायला कॉम्प्युटरची गरजही नाही. आपल्या आजोबा-आजीच्या पिढीत १ जूनला जन्मलेली किती माणसं आहेत ते मोजा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जी तारीख टाकली ती जन्मतारीख झाली. उद्या कोणी विद्वान ते दाखले पाहून म्हणाला की नऊ महिने मागे जाता, महाराष्ट्रात गणपतीच्या सुमारास प्रेमाला फार भरती येत असे, तर आपण त्याला चहा पाजून घरी पाठवू. पण स्टुडिओच्या टेबलावरच्या पुस्तकाबद्दल नेमकं असंच बोलणाऱ्याला आपण व्यासपीठ देतो.

यावर एक उत्तर येतं आणि ते दमदार आहे. वस्तू स्टुडिओची असली म्हणून काय झालं? गिऱ्हाईकानं तिच्याशेजारी बसायचं कबूल केलं ना? मोटारीच्या कटआउटमागे उभ्या राहणाऱ्याकडे मोटार नसते, पण हौस त्याची स्वतःची असते. ख्रिस्तोफर पिनी या मानववंशशास्त्रज्ञानं ‘कॅमेरा इंडिका’ (१९९७) या पुस्तकात मध्य प्रदेशातल्या नागद्याच्या स्टुडिओंबद्दल याच अंगानं लिहिलंय: तिथले लोक फोटोत आपण आहोत तसे दिसायला जात नाहीत, आणखी कोणीतरी होऊन पाहायला जातात. मला हे पटतं. पण पटवून घेताना त्यात एक अट आहे हे विसरायचं नाही. निवड झाली असेल तर हौस. स्टुडिओत चार पडदे असतील, कोपऱ्यात मोटारसायकलही असेल, आणि माणसानं बोट दाखवून ‘हे’ म्हटलं असेल, तर त्या ‘हे’चा अर्थ लावा, खुशाल लावा. आमच्या घरात खापरपणजीच्या फोटोबरोबर तिच्या धाकट्या दिराचाही फोटो जपून ठेवलाय. तेच टेबल, तोच जिना, तीच फुलदाणी. तेच पुस्तक, पुठ्ठ्याचा उडालेला कोपरासुद्धा तोच. दीर वकिलीचे कागद लिहून पोट भरायचा, त्याचा हात पुस्तकाला लागलेलाही नाही.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. वस्तूचा अर्थ काय, हे विचारायच्या आधी वस्तू कोणाची, ती तिथे कोणी ठेवली आणि ती नाकारायची मुभा कोणाला होती, हे विचारा. बहुतेक वेळा पुरावा फोटोतच असतो. १८४०-५०च्या दशकांतले अमेरिकेतले कारागिरांचे दागेरोटाइप पाहा: सुतार करवत घेऊन बसलेत, चांभार हातातल्या जोड्यासकट. ती हत्यारं स्टुडिओची वाटत नाहीत, कारण मुठी हाताच्या घामानं गुळगुळीत झालेल्या आहेत. मात्र तिथेही ‘करवत डाव्या हातात का’ असा निबंध लिहायला बसू नका. दागेरोटाइपमध्ये आणि पत्र्यावरच्या टिनटाइपमध्ये प्रतिमा आरशासारखी उलटी येते. बिली द किड हा अमेरिकी बंदूकबाज डावखुरा होता, ही समजूत अशाच एका टिनटाइपमुळे रूढ झाली, इतकी की १९५८ साली त्याच्यावर सिनेमा निघाला त्याच्या नावातच डावा हात होता. शंका मिटवली ती त्याच्याजवळच्या विंचेस्टर रायफलनं. १८७३च्या त्या मॉडेलला गोळ्या भरायची खाच उजव्या अंगालाच असते. फोटोत ती डावीकडे दिसते. म्हणजे सगळा फोटोच उलटा. रायफल ‘पौरुषाचं प्रतीक’ म्हणून वाचली असती तर हे कधीच कळलं नसतं. ती रायफल म्हणून वाचली, तेव्हा कळलं.

वस्तू स्वतःच्या मर्जीनं वापरली की काय होतं, ते पाहायचं तर सोजर्नर ट्रूथकडे जावं. न्यूयॉर्क राज्यात गुलाम म्हणून जन्मलेली, नऊएक वर्षांची असताना मेंढरांच्या कळपासकट शंभर डॉलरना विकली गेलेली, पुढे गुलामगिरीविरुद्ध गावोगाव बोलणारी. १८६०च्या दशकात ती स्वतःचे कार्त-द-व्हिजित विकून चरितार्थ चालवायची. पांढरी टोपी, शाल, हातात विणकाम, टेबलावर फुलं आणि पुस्तक. कोश म्हणेल: पुस्तक, म्हणजे साक्षर. ट्रूथला लिहिता-वाचता येत नव्हतं. बायबल ती दुसऱ्यांकडून वाचून घ्यायची. ते पुस्तक काहीच सिद्ध करत नाही. पण कार्डावर तिनं छापून घेतलेली ओळ पाहा. स्टुडिओवाले तेव्हा जाहिरात करायचे की देह विरण्याआधी त्याची सावली राखून ठेवा. ट्रूथनं ते उलटवलं: देह जगवण्यासाठी मी सावली विकते आहे, अशा अर्थाची ओळ तिनं फोटोखाली घातली. आणि १८६४ साली फोटोचा कॉपीराइट स्वतःच्या नावावर नोंदवला. फोटोचा हक्क फोटोवाल्याकडे असायचा त्या काळात. जी स्वतः एकदा मालमत्तेच्या यादीत मेंढरांशेजारी होती, तिनं आपल्या प्रतिमेचा मालकीहक्क कागदावर घेतला.

तिच्या एका फोटोत मांडीवर एक छोटी तसबीर उघडी धरलेली आहे. ती तिच्या नातवाची, जेम्स काल्डवेलची. तो ५४व्या मॅसॅच्युसेट्स या काळ्या सैनिकांच्या पलटणीत होता आणि शत्रूच्या हाती सापडला होता. ही वस्तू कोणत्याही स्टुडिओच्या कपाटात नसते. ती घरून आणावी लागते. टेबलावरच्या फुलांवर पानं खर्ची घालणाऱ्यांनी या तसबिरीपुढे जरा थांबावं.

फ्रेडरिक डग्लसनं दुसरा मार्ग धरला. एकोणिसाव्या शतकात सर्वांत जास्त फोटो निघालेला अमेरिकी माणूस तो. त्याचे सुमारे १६० फोटो सापडलेत. गुलामगिरीतून पळालेल्या या माणसानं फोटोग्राफीवर व्याख्यानं दिली आणि स्वतःच्या फोटोंतून सामान जवळजवळ हद्दपार केलं. कोट, चेहरा, रोखलेली नजर. नाकारायची मुभा असलेल्यानं नाकारलं.

आता आपल्याकडे या, जिथे ही मुभा बहुतेकांना नव्हती. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीच सुरू झाली. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी तिच्यात होते, म्हणजे कॅमेऱ्यामागे फक्त साहेबच होता असं नाही. पण विल्यम जॉन्सन या मुंबईत काम करणाऱ्या फोटोवाल्याचं पुस्तक पाहा, ‘द ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्ज, रेसिडेंट्स अँड व्हिजिटर्स ऑफ बॉम्बे’, दोन खंड, १८६३ आणि १८६६. मुंबईतल्या जातीजमातींची चित्रं त्यात त्यांच्या ‘नैसर्गिक’ परिसरात आहेत. प्रत्यक्षात माणसांचे फोटो एकीकडे घेतलेले, मग आकृत्या कापून दुसरीकडच्या इमारती नि देखाव्यांवर बसवलेल्या. फोटोशॉपच्या सव्वाशे वर्षं आधीचं कट-पेस्ट. त्या माणसांच्या पायांखालची जमीनसुद्धा त्यांची नाही. आणि १८६८ ते १८७५ या काळात लंडनहून निघालेले ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड! साडेचारशेहून जास्त फोटो, प्रत्येकाखाली जात किंवा जमात, आणि शेजारच्या मजकुरात ती जमात कष्टाळू की भांडखोर, सरकारशी इमानी की नाही, असले शेरे. तिथे कोणाच्या हातात भाला आहे, कोणाच्या हातात तराजू. ही ‘स्वतःची ओळख’ नाही. ती वरून चिकटवलेली चिठ्ठी आहे. आजही ही चित्रं ‘आपल्या समाजाचा अस्सल पारंपरिक वेश’ म्हणून अभिमानानं शेअर होतात, तेव्हा मला चादरीखालची ती बाई आठवते.

उलटं उदाहरण आनंदीबाई जोशींचं. १० ऑक्टोबर १८८५ रोजी पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात काढलेला तिघी विद्यार्थिनींचा फोटो सर्वांनी पाहिलाय: आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी, सीरियाच्या तबात इस्लांबुली, आपापल्या देशांच्या वेशात. पाहणाऱ्या अमेरिकनाला ती पूर्वेकडची नवलाई वाटली असेल. पण ती साडी स्टुडिओनं दिलेली नव्हती. परदेशी जाऊन वेश बदलायचा नाही, हे त्यांनी निघण्याआधीच ठरवलं होतं आणि फिलाडेल्फियाच्या थंडीत ते निभावलं होतं. इथे साडीचा अर्थ लावायला आपल्याकडे आधार आहे, आणि तो फोटोच्या बाहेरून आलेला आहे.

मग माझ्या खापरपणजीचं काय? पुस्तक तिचं नव्हतं. पुस्तकावर हात तिनं ठेवला की ‘बाई, हात इथे ठेवा’ असं कोणी सांगितलं, ते मला सांगता येणार नाही. पण अंगठा तिचा होता, खरेदीखतावर आहे. हे बोललं की घरात म्हणतात, तू तिला कमी लेखतोस. मला उलट वाटतं. पुस्तकाच्या जोरावर तिला साक्षर ठरवलं की तिला शाळेत न घालणारे सगळे सुटतात. तिचा बाप, तिचा सासरा, आणि शेजारच्या फोटोतला तो दीर, जो घरात बसून दुसऱ्यांचे कागद लिहायचा आणि भावजयीला सही शिकवायला त्याला सवड झाली नाही. चाळीस अंगठ्यांनी त्या दिवशी या सगळ्यांना दोषमुक्त केलं.

फोटो मी चांगल्या रिझोल्यूशनमध्ये स्कॅन करून घेतला. कमरेच्या किल्ल्या आता नीट दिसतात, पाच आहेत, त्यातली एक वितीएवढी लांब. दिराच्या फोटोत किल्ल्या नाहीत, म्हणजे त्या टेबलाबरोबर येत नव्हत्या. वडिलांच्या आत्याला विचारलं, तर ती म्हणाली, ‘मोठी असेल ती धान्याच्या कोठीची. बाकीच्या कशाच्या ते बाई कोणाला सांगायची नाही.’ किल्ल्यांचाही अर्थ लावायचा मोह होतोच, भावानं तर लगेच ‘घराची सत्ता’ असं लिहूनही टाकलं. गावच्या घराच्या माळ्यावर जुनी कुलपं पडलेली आहेत म्हणे. दिवाळीत गेलो की आधी ती बघणार आहे.